अख्ख्या गल्लीला टेकू

पाचही जणांच्या अन्ननलिका ठणठणीत निघाल्या आणि आमच्या गल्लीचं वाटोळं झालं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. कुणाच्या घशात कुणी दुर्बीण घातलेली नाही आणि कुणाचं काही निघालेलं नाही. सध्या एवढंच आहे की थंडी सरत आलीय, संध्याकाळची वेळ आहे आणि माझे वडील युआन मानत्सांग गल्लीच्या तोंडाशी, जुन्या दगडी जात्यापाशी उकिडवे बसलेत. हातातल्या वाफवलेल्या पावाकडे ते असे बघतायत की पावानं त्यांचा चारचौघांत अपमान केलाय.

मानत्सांग म्हणजे भरलेलं कोठार. हे नाव आजोबांनी दुष्काळात ठेवलं होतं, म्हणजे विनोदाची सवय आमच्या घरात जुनी आहे.

आमच्या गल्लीत घरात बसून जेवणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा बायकोशी भांडलेला. बाकी सगळे आपापला डोक्याएवढा वाडगा घेऊन जात्यापाशी येतात आणि गप्पा मारत, एकमेकांच्या वाडग्यात डोकावत, एकमेकांच्या बायकांच्या हाताला नावं ठेवत जेवतात. बाबा त्या जागेवर चाळीस वर्षं जेवले. बांधकामाला परगावी गेले तेवढाच काय तो खंड.

त्या संध्याकाळी त्यांनी पावाचा तुकडा मोडला, चावला, गिळला, आणि तो गेला नाही. ते उठून जात्यामागे गेले. खोकल्याचा आवाज आला. परत येऊन म्हणाले, “ठसका लागला.”

लू थ्येशान काकांनी आपल्या वाडग्यात बघितलं. ग्वो काकांनी टकलावरून हात फिरवला. फंग काकूंनी न विचारता लोणच्याची किंमत सांगितली.

आमच्या खोऱ्यात घास अडकला म्हणजे कसला रोग, हे विचारायची पद्धत नाही. आजोबा त्यानंच गेले, मोठे काका त्यानंच गेले. पूर्वी तर आमच्याकडच्या कोंबड्यांनाही तो व्हायचा. मोठमोठे डॉक्टर येऊन कोंबड्यांचे गळे तपासून गेलेत. बाहेरगावी कोंबडीला सर्दी होते, आमच्या कोंबडीला कॅन्सर. इथल्या माणसाला सरळ सांगायची गरजच पडत नाही. एक घास अडकला की त्याला स्वतःच कळतं आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपतो.

जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टर च्वांग बाईंनी दुर्बिणीतून बघितलं, फोटो काढले, आणि मला नि आईला बाहेर बोलावलं. रोग यकृतापर्यंत गेलाय, म्हणाल्या. कापण्यासारखं काही राहिलेलं नाही. पुढे घशाची वाट बंद होत जाईल, तेव्हा जेवता यावं म्हणून एक गोष्ट करता येईल.

“त्यांना सांगू नका,” आई म्हणाली.

“मी नाही सांगत,” बाई म्हणाल्या. “पण ताई, तुमच्या भागातल्या माणसाचा घास अडकतोय म्हटल्यावर सांगायचं उरतं काय?”

हाच तर प्रश्न होता. परतीच्या बसमध्ये बाबा पुढच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून बसले होते. त्यांच्या मानेकडे बघून मला कळलं की ते आत्ताच भिंतीकडे तोंड करायला लागलेत. आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “लिआंग, एकट्याचा अडकला तर रोग. सगळ्यांचा अडकला तर हवा.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळ्यांचा अडकला पाहिजे.”

मी लग्नांचे व्हिडिओ काढतो. पैसे घेऊन रडणाऱ्या आत्या आणि आनंदाचं नाटक करणारे सासरे मी रोज बघतो. तरीही आई काय म्हणतेय ते कळायला मला दोन थांबे लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या सेक्रेटरींचा भोंगा वाजला. “ग्रामस्थांनो, लक्ष द्या. यंदा हवा फार कोरडी आहे. त्यामुळे घसे आकसतायत. घाबरू नये. पातळ खावं. तसंच ज्याचं पांढरं डुक्कर सुटलंय त्यानं ते बांधून घालावं.”

डुक्कर खरं होतं. त्यामुळे बाकीचंही खरं वाटलं.

संध्याकाळी जात्यापाशी थ्येशान काका राळ्याची पातळ पेज घेऊन आले. त्यांच्यामागे ग्वो काका, तेही पेज घेऊन. मग फंग काकू, मोठा छिन आणि धाकटा छिन, सगळ्यांच्या वाडग्यात तेच. बाबांनी एकेकाच्या वाडग्यात डोकावून बघितलं.

“काय रे थ्येशान, नूडल्स कुठे?”

“नाही जात रे,” थ्येशान काका म्हणाले आणि गळ्यावर हात ठेवला. हात जरा खाली, पोटावर पडला होता. तो त्यांनी वर सरकवला. “परवापासून इथं अडकतंय.”

“तुझं पण?”

“भोंग्यावर सांगितलं ना, हवा आहे.”

“आमच्या दोघांचं पण,” छिन भाऊ एकदम म्हणाले.

बाबांच्या चेहऱ्यावर जे झालं ते मला कुठल्याच लग्नात टिपायला मिळालेलं नाही. त्यांचा रंग परत आला. ते पेज प्यायले, दोन वाडगे. घरी येऊन आईला म्हणाले, “पोराची आई, मी उगाच घाबरलो होतो बघ. थ्येशानचं तर माझ्याहून वाईट आहे.”

आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला ‘सूप पिणं’ म्हणतात, मग त्यात अख्खी मेंढी का असेना. “सूप प्यालास का?” “प्यालो.” त्या वसंतात गल्लीनं पहिल्यांदा हा शब्द शब्दशः पाळला. निदान बाहेर तरी. जात्यापाशी पेज पिऊन सगळे घरी जायचे, दार लावायचे आणि जेवायचे. फंग काकू तर खिडकीला गोधडी लावायच्या, म्हणजे परतलेल्या लसणाचा वास बाहेर येऊ नये. तरी यायचा. बाबांनी विचारलं की आई सांगायची, “घशावर लसणाचा लेप लावतायत.”

अभिनय म्हणाल तर वाईट होता. थ्येशान काका सगळ्यात उत्साही. ते घास तोंडात घालायच्या आधीच खोकायचे. छिन भाऊ पाळी लावून ठसकायचे, एक थांबला की दुसरा. ग्वो काकांनी एकदा राळ्याच्या एका दाण्यावर अडकून दाखवलं. राळ्याचा दाणा मोहरीएवढा असतो. फंग काकू हळूच म्हणाल्या, “अहो, जरा बेतानं.”

पण बाबांना सगळं खरं वाटलं, कारण त्यांचं स्वतःचं खरं होतं. ते सगळ्यांची काळजी करायला लागले. नासपती उकळून त्याचं पाणी घरोघरी द्यायचे. छिन भावांना सांगायचे, “आडवे होऊन पिऊ नका, ताठ बसा.” आणि थ्येशान काकांसाठी तर जीव टाकायचे. दोघं तरुणपणी शहराशहरांत एकाच परांचीवर उभे राहून विटा रचायचे. खाली पडले तेव्हाही दोघं एकदमच पडले होते, वाळूच्या ढिगावर. एकदा मी त्यांना जात्यामागे बघितलं. मला वाटलं, ठसका लागलाय. जवळ गेलो तर रडत होते.

“काय झालं बाबा?”

“थ्येशान पूर्वी कसा होता, आठवतं का तुला? पावाच्या पैजा लावायचा. अकरा खायचा. आता पेज पितोय आणि तीही खोकत.” त्यांनी बाहीनं नाक पुसलं. “त्याला सांगू नकोस मी रडलो म्हणून. लाज वाटेल बिचाऱ्याला.”

मी सांगितलं नाही. थ्येशान काका त्या वेळी घरात डुकराचं मटण घातलेले नूडल्स खात होते, हेही बाबांना सांगितलं नाही. माझ्या एका खांद्यावर एक गुपित, दुसऱ्यावर दुसरं. तोल बरा राहत होता.

गव्हाला ओंब्या धरल्या तेव्हा बाबांची पेजही अडायला लागली. मग पाणी. थुंकीसुद्धा खाली जाईना. शेजारी एक डबा घेऊन बसायचे. डॉक्टर च्वांग म्हणाल्या, आता ती गोष्ट करू या. तारेच्या जाळीची नळी. गुंडाळलेली असते, बारीक. घशातून खाली नेऊन अडलेल्या जागी सोडायची. अंगाच्या उबेनं ती आपोआप उघडते आणि वाट धरून ठेवते. रोग बरा करत नाही, हे त्या माझ्या कानात म्हणाल्या. बाबांना मोठ्यानं म्हणाल्या, “आपण आत एक टेकू बसवणार आहोत.”

आमच्याकडचे डॉक्टर त्या नळीला टेकूच म्हणतात. आमच्या गावातले निम्मे पुरुष गवंडी. बाबा पडल्या पडल्या ताठ झाले.

“टेकू कशाचा?”

“धातूचा.”

“भार किती घेतो?”

“घास जाईल एवढा.”

“काढणार कधी?”

डॉक्टर बाईंनी पेन उघडलं आणि बंद केलं. “हा काढत नाहीत काका. हा राहू देतात.”

बाबांनी छताकडे बघत विचार केला. “बाई, टेकू काम होईपर्यंत असतो. काम झालं की काढतात. जो काढत नाहीत तो टेकू नव्हे, खांब.”

“हो,” बाई चटकन म्हणाल्या. “खांबच म्हणा.”

“मग खांब म्हणा ना!” बाबा खूश झाले. “उगाच माणसाला घाबरवता.”

खांब बसला. दोन-तीन दिवस छातीत फार दुखलं. मग जाळी उघडली आणि बाबा पाणी प्यायले. सबंध पेलाभर, न थांबता, आणि पेला संपल्यावर त्यात डोकावून बघितलं. बाईंनी नियम सांगितले. बारीक चावून खायचं, चिकट भाताचा केक वर्ज्य, मेथी, कांद्याची पात असलं धागेदार वर्ज्य, थंड वर्ज्य कारण थंडीनं जाळी आकसते, जेवल्यावर कोमट पाणी प्यायचं, झोपताना डोकं उंच. बाबांनी सगळं एखाद्या इमारतीचा नकाशा ऐकावा तसं ऐकलं. आधी वाफवलेलं अंडं, मग मऊ भोपळा. आणि एक दिवस आईनं नूडल्स केले. पातळ लाटलेले, मऊ शिजवलेले, बोटाच्या पेराएवढे कापलेले.

बाबा वाडगा घेऊन जात्यापाशी गेले. मी मागोमाग. तिथे पाचही जण पेज घेऊन हजर. नूडल्सची वाफ बघून छिन भावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, कारण दोघांनाही भूक लागली होती.

बाबा बसले. एक घास घेतला, खूप वेळ चावला, मान जराशी पुढे केली आणि गिळला. आम्ही सगळे तो घास उतरताना ऐकत होतो. मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, पाच पेजा बघितल्या. आणि उठून, वळून, सगळ्यांकडे पाठ करून बसले.

“काय रे मानत्सांग?” थ्येशान काकांनी विचारलं.

“काही नाही,” बाबा पाठमोरेच म्हणाले. “उन्हाकडे तोंड केलंय.”

ऊन नव्हतं. तुम्हाला गिळता येत नाही आणि मला येतंय, याची त्यांना लाज वाटत होती. आमच्या गल्लीत त्या काळात दोनच प्रकारची माणसं होती. चोरून नूडल्स खाणारी, आणि त्यांच्यापासून चोरून नूडल्स खाणारे माझे वडील.

एखादा साधा माणूस इथे थांबला असता. बाबा थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता बसनं आरोग्य केंद्रात गेले आणि तिथल्या शेन साहेबांना भेटले. शेन साहेबांकडे दुर्बिणीनं घसे तपासायची सरकारी मोहीम होती आणि घसा द्यायला कुणी तयार नव्हतं. वरून फोन येत होते. अशात एक म्हातारा आपणहून आला आणि म्हणाला, आमच्या एकट्या गल्लीत पाच जणांचा घास अडकतोय.

“पाच?” शेन साहेब उठून उभे राहिले म्हणे. त्यांनी बाबांना चहा दिला. बाबांनी नावं सांगितली. साहेब म्हणाले, “काका, तुमच्यासारखा एक माणूस प्रत्येक गावात हवा.”

बाबा घरी आले ते शीळ घालत. आईनं विचारलं तर म्हणाले, “कळेलच.”

कळलं ते भोंग्यावरून. “लक्ष द्या. खालील व्यक्तींनी उद्या सकाळी उपाशीपोटी पंचायतीच्या सभागृहात हजर राहावं. लू थ्येशान. ग्वो फूयिन. छिन थोरला. छिन धाकटा. फंग युएलान. घशातून दुर्बीण घालण्यात येईल. उपचार मोफत. युआन मानत्सांग यांच्या सौजन्यानं.”

बाबा केस कापायला गेले होते तेवढ्यात पाचही जण आमच्या अंगणात जमले.

“वहिनी, ही काय भानगड आहे?” ग्वो काका म्हणाले. “पेज पिईन, खोकेन. पण नळी? बोटाएवढी जाड असते ती!”

“सांगून टाका त्यांना,” फंग काकू म्हणाल्या. “माझ्या गोधडीला पण लसणाचा वास बसलाय.”

“आत्ता? आत्ता कुठे दोन घास जायला लागलेत त्यांना,” आई म्हणाली. तिनं हात जोडले नाहीत, रडली नाही. ती फक्त फंग काकूंचा हात धरून उभी राहिली.

“आम्हा दोघांतून एकानं गिळली तर चालेल का?” धाकट्या छिननं विचारलं. “सारखेच आहोत आतून.”

थ्येशान काका जात्याच्या दगडासारखे बसून होते. मग म्हणाले, “मी गिळतो. नळी तर नळी. त्याच्यासमोर ओकारी आली तरी खरंच वाटेल त्याला. तुम्ही पण गिळा. उद्याचा दिवस काढू, मग म्हणू, औषधानं बरं वाटलं.” आणि उठताना मला म्हणाले, “लिआंग, खरं सांग रे, फार दुखतं का?”

“बाबा म्हणाले, फार नाही.”

“तुझा बाप पडला होता तेव्हापण असंच म्हणाला होता. तीन बरगड्या मोडल्या होत्या.”

पंचायतीपुढे गाडी आली, सभागृहात यंत्र आलं, मोठा पडदा लागला, आणि मास्क लावलेला शहरातला एक तरुण डॉक्टर आला. शेन साहेब फोटो काढत होते. बाबा नवीन केस कापून, इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे, लग्नातल्या वरबापासारखे. आत येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होते, “घाबरायचं नाही. नाकानं श्वास घ्यायचा. थुंकी गिळायची नाही, गळू द्यायची.”

फंग काकू झाल्या. छिन भाऊ झाले, एकामागोमाग. ग्वो काका झाले आणि बाहेर येऊन ओकले. प्रत्येक वेळी डॉक्टर म्हणाला, “स्वच्छ.” “स्वच्छ.” “अगदी स्वच्छ.” बाबांच्या कपाळावर आठी पडत गेली. ग्वो काकांच्या वेळी ते पुढे झाले.

“डॉक्टर, नीट बघा. या माणसाला राळ्याचा दाणा जात नाही.”

“काका, यांची अन्ननलिका माझ्याहून चांगली आहे.”

“मग तुमचं यंत्र बिघडलंय.”

“यंत्र नवीन आहे.”

“नवीनच बिघडतं!” बाबा शेन साहेबांकडे वळले. “साहेब, ही माणसं महिनोन् महिने पेजेवर आहेत. माझ्या डोळ्यांनी बघतोय. तुम्ही त्यांना निरोगी म्हणून परत पाठवणार? जबाबदारी कुणाची?”

शेन साहेब म्हणाले, “तक्रार असेल तर लेखी द्या.”

शेवटी थ्येशान काका. बाबा त्यांच्याबरोबर पलंगापर्यंत गेले, त्यांना कुशीवर वळवलं आणि त्यांचा हात हातात घेतला. “याचं सगळ्यात वाईट आहे,” ते डॉक्टरला म्हणाले. “इथं नीट बघा.”

“काल रात्रीपासून काही खाल्लं नाही ना, आजोबा?” डॉक्टरनं विचारलं. थ्येशान काकांच्या तोंडात प्लॅस्टिकची कडी होती. त्यांनी मान हलवली. नाही.

नळी आत गेली. पडद्यावर गुलाबी बोगदा आला. सगळा मोकळा, चकचकीत. बाबा पडद्याला चिकटून उभे, हात मात्र धरलेलाच. बोगदा संपला, पोट आलं.

डॉक्टर थांबला. “आजोबा, हे काय आहे?”

पडद्यावर नूडल्स होते. हातानं ओढलेले, रुंद, लांबच लांब. मधून मधून कांद्याची पात. एक लालसर तुकडा. त्यातला रस्सा दिव्यात चमकत होता.

भीती वाटली म्हणजे थ्येशान काका खायला बसतात. पोटभर खातात. हे त्यांच्याबद्दल कुणालाही सांगता आलं असतं, पण कुणी विचारलं नव्हतं.

थ्येशान काकांना बोलताच येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या नळीनं ते सगळ्यांच्याच वाहतं. बाबा पडद्याकडे बघत राहिले. एखादी भिंत ओळंब्यात आहे का ते बघावं तसे, एक डोळा बारीक करून.

मग म्हणाले, “चावलेसुद्धा नाहीत.”

आणि त्यांनी हात सोडला.

घरी ते माझ्या पुढे चालत आले. अंगणात आई उभी होती. त्यांनी तिला काही विचारलं नाही. बाकावर बसून मला विचारलं, “नाटक कुणी बसवलं?”

मी आईकडे बघितलं.

“मी,” आई म्हणाली.

“वाईट बसवलंस. थ्येशान घास घालायच्या आधी खोकतो, हे मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं.” त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या. “मला वाटलं, बिचाऱ्याला इतकी भीती बसलीय.”

आई खाली बसली.

“म्हणजे हवा नव्हती,” बाबा म्हणाले. “आणि खांबही नाही. टेकूच आहे.”

“बाबा...”

“तू गप. तू तुझे व्हिडिओ काढ.”

थोड्या वेळानं पाचही जण आले. थ्येशान काकांचा आवाज बसला होता. ते दाराच्या चौकटीला धरून म्हणाले, “मानत्सांग, शिव्या दे. मार हवं तर. चांगल्यासाठी केलं रे.”

“माझ्यासाठी केलंत?”

“तुझ्यासाठीच.”

“घरात जाऊन मटण खाल्लंस तेही माझ्यासाठीच?”

“भूक लागायची रे,” थ्येशान काका म्हणाले. त्याहून खरं उत्तर नव्हतं आणि त्याहून वाईटही नव्हतं.

“मरणार आहे हे लपवलंत, ठीक. इथं सगळेच लपवतात. मीही माझ्या बापापासून लपवलं.” बाबांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. “पण मी जात्यामागे जाऊन तुझ्यासाठी रडलो. माझं मरण बाजूला ठेवून तुझ्यासाठी रडलो. ते परत दे.”

“कसं देऊ?”

“मला काय माहीत? घेतलंस तू.”

फंग काकू म्हणाल्या, “मानत्सांग दादा, आम्ही पण रडलो तुमच्यासाठी.”

“जेवायच्या आधी की नंतर?”

थ्येशान काकांनी दोन पावलं आत टाकली तशी बाबांनी तोंड फिरवलं. छिन भाऊ पहिल्यांदाच एका वेळी बोलले नाहीत. एक म्हणाला, “चला.” दुसरा बराच वेळ उभा राहिला.

तेव्हापासून बाबा घरात जेवतात, दार लावून. खांब म्हणा, टेकू म्हणा, काम चोख करतोय. भोपळा जातो, अंडं जातं, नूडल्स जातात. माणसं मात्र गळी उतरत नाहीत. संध्याकाळी थ्येशान काका वाडगा घेऊन आमच्या दारासमोर उकिडवे बसतात, पेज घेऊन. आता खरोखर पेजच पितात, घरी जाऊनही दुसरं काही खात नाहीत, असं त्यांची बायको आईला रडत सांगून गेली. मी बाबांना सांगितलं.

“आता उपयोग काय?” ते म्हणाले. “आता तो निरोगी आहे हे मला माहितीय. निरोगी माणसानं पेज प्यायली तर तो उपास. आजार नव्हे.”

मग त्यांनी बाहेर कान दिला. थ्येशान काका खोकले. बाबा ताडकन उठले, दारापर्यंत गेले, कडीला हात घातला, आणि तसेच परत आले. मला म्हणाले, “कागद आण. शेन साहेब म्हणाले होते, लेखी द्या. तुझं अक्षर बरं आहे. मी सांगतो तसं लिही. एक शब्द बदललास तर बघ.”

मी एकही शब्द बदललेला नाही.

“प्रति, संचालक साहेब, आरोग्य केंद्र. विषय: निरोगी इसमांना टेकू बसवण्याबाबत. महोदय, खाली सही करणारा युआन मानत्सांग, धंदा गवंडी, सध्या आतून टेकू दिलेला, आपणांस कळवतो की आपल्या मोहिमेत तपासलेले लू थ्येशान, ग्वो फूयिन, छिन थोरला, छिन धाकटा व फंग युएलान या पाच इसमांनी आपला घास अडकतो असे अर्जदारास वारंवार व सर्वांसमक्ष सांगितलेले आहे. दिलेला शब्द पाळणे गावाच्या हिताचे आहे. सबब सदर पाचही जणांना, तसेच अर्जदाराची पत्नी व हा अर्ज लिहिणारा मुलगा यांना अर्जदारास बसवला तसाच टेकू विनाविलंब बसवण्यात यावा. त्यांना आजार नाही ही सबब ऐकून घेऊ नये. टेकू बसल्यावर सर्वांना अर्जदारासारखेच बारीक कापलेले नूडल्स द्यावेत व जात्यापाशी एकाच वेळी जेवायला बसवावे. अर्जदारास चावायला वेळ लागतो. तरी अर्जदाराचा वाडगा रिकामा होईपर्यंत कोणासही उठू देऊ नये, ही विनंती.”